लॅपटॉप नको, मोठाच पाहिजे

शनिवार, ४ ऑक्टोबर

कॉम्प्युटर गेला. सकाळी समीनं बटण दाबलं, टक् झालं, करपल्याचा वास आला, खेळ खलास. जुबेदा म्हणते, चौदा वर्षं चालला, अजून काय पाहिजे तुम्हाला. मला नाही पटत. काल संध्याकाळपर्यंत चालू होता. आपोआप काही जात नाही, कारण असतंच.

बाजारपेठेतल्या थोरातच्या दुकानातून माणूस आला. खोका न उघडता म्हणाला, "मदरबोर्ड गेला, नवाच घ्या." न उघडता! तो गेल्यावर मी उघडला. आत बोर्डावरचे चार कपॅसिटर फुगलेले. म्हणजे त्याचं बरोबर निघालं. पण न बघता बरोबर सांगणारा माणूस जास्त धोक्याचा.

समीला सणसवाडीच्या एका वर्कशॉपचं ड्रॉइंगचं काम मिळतंय, घरी बसून करायचं. पहिल्या तारखेला सुरू. तोवर मशीन नसलं तर काम दुसऱ्याला जाणार. आयटीआयला ड्राफ्ट्समन केलंय पोरीनं, पहिली आली होती. मग लग्न करून दौंडला गेली, अडीच वर्षं झाली, आणि ड्रॉइंग बंद. लग्नात मी दिलेला लॅपटॉप कुठं, विचारलं. "दौंडलाच. बिघडलाय." काय बिघडलं? "माहीत नाही, अब्बा."

ज्या पोरीला अर्ध्या मिलिमीटरची चूक दिसते तिला काय बिघडलं ते माहीत नाही. लिहून ठेवतो.

आणखी एक. गणपती झाल्यावर आली, आठ दिवस म्हणून. आज सत्ताविसावा दिवस. जुबेदाला म्हटलं तर अंगावर आली, "पोरीचं दिवस मोजता व्हय?" मोजतो. सव्वीस वर्षं कंपनीत माल मोजण्या-तपासण्याचाच पगार घेतोय.

सोमवार, ६ ऑक्टोबर

कंपनीच्या बसमध्ये चौकशी केली. मोहिते म्हणाला पार्ट निवडून जोडून घ्या, मागच्या सीटवरचा म्हणाला सील पॅक घ्या, ड्रायव्हर म्हणाला मोबाईलवर सगळं होतं. रांजणगाव येईपर्यंत बसमध्ये दोन पार्ट्या पडल्या. ज्याचा मेहुणा कॉम्प्युटर विकतो तोच सगळ्यात मोठ्यांदा बोलत होता.

जेवणाच्या सुट्टीत चेकशीट काढली. एकतीस मुद्दे.

माझं मत लॅपटॉप. घरी आल्यावर समीला म्हणालो, उद्या दौंडला परत गेलीस की खांद्याला लावून नेता येईल. तर म्हणते, "नको अब्बा. टेबलावरचा घेऊ. मोठाच पाहिजे." का? "ड्रॉइंगला मोठा स्क्रीन लागतो." मोठा स्क्रीन लॅपटॉपला पण जोडता येतो, मला शिकवते का. पण तिनं विषय बदलला, आणि जुबेदानं पातेलं घासायला घेतलं, जे घासलेलंच होतं.

दोघींचं काहीतरी शिजतंय. मला वास लागत नाही असं समजू नये.

बुधवार, ८ ऑक्टोबर

सुटल्यावर समीला घेऊन थोरातकडं. दिवाळीची ऑफर लावलीय. कॉम्प्युटरवर कीबोर्ड फुकट, स्पीकर फुकट, वर गालिचा फुकट. कॉम्प्युटरच्या दुकानात गालिचा! फुकटात कुणी मरणसुद्धा देत नाही.

सील पॅक खोका दाखवला. मी फिरवून बघितला. एका बाजूला टेपवर टेप. म्हणालो, थोरात, हा खोका एकदा उघडलाय. तो म्हणाला, "चाचा, गाडीत टेप सुटली म्हणून पोरांनी परत लावली." मग खिशातून भिंग काढलं. तिसऱ्या खोक्याला थोरातनं हात जोडले. "चाचा, तुम्ही कॉम्प्युटर घ्यायला आलाय का धाड टाकायला?" सगळं दुकान हसलं. समी पण हसली. महिन्याभरात पहिल्यांदा हसताना पाहिली, आणि ते आत्ता लिहिताना लक्षात आलं.

घरी येताना म्हणाली, "अब्बा, तुम्ही कुणावर विश्वास ठेवता का हो?" म्हणालो, विश्वास ठेवायला कंपनीनं दुसरी माणसं ठेवलीत. मला इनकमिंगला बसवलंय ते आलेला माल बघायला. हिरवा टॅग ओके, लाल टॅग रिजेक्ट, शंका असली की पिवळा टॅग, होल्ड. चौथा रंग नाही.

कंपनीतल्या नव्या पोरांना हे कळत नाही. एखाद्या व्हेंडरचा माल सलग दोन-तीन वर्षं चांगला आला की त्याला सेल्फ सर्टिफाइड करून टाकतात. मग त्याचा माल बघायचाच नाही, ट्रकमधून सरळ लाइनवर. ओळखीचा आहे ना, मग बघायचं कशाला. मी ह्याच्या विरोधात तीन वेळा लेखी दिलंय. ओळखीचा माणूसच बिनधास्त वाईट माल पाठवतो, त्याला माहीत असतं कुणी बघणार नाही.

गुरुवार, ९ ऑक्टोबर

बूट काढत होतो. आत समी फोनवर, हळू आवाजात. जे ऐकलं ते जसंच्या तसं: "...नाही हो. उचलून नेता येणार नाही असाच घेणार आहे. एकदा बसला की बसला."

मी आत गेलो. फोन ठेवला.

कोण होतं? "सणसवाडीच्या मॅडम." फोन बघायला मागणार होतो, नाही मागितला. कोण उचलून नेणार? चोर? आपल्या गल्लीत आजवर सायकल चोरीला गेली नाही.

संध्याकाळी आपाचा फोन दौंडहून. रशीदा आपा माझी सख्खी थोरली बहीण, अल्ताफची आई, म्हणजे समीची सासू पण तीच. "रज्जाक, पोरीला कवा धाडतोस? घर खायला उठतंय." मग म्हणाली, "कॉम्प्युटरच्या खर्चात पडू नगंस. अल्ताफ नवा लॅपटॉप घिऊन येतोय रविवारी."

मी अजून आपाला कॉम्प्युटरचं बोललोच नव्हतो. जुबेदा म्हणते तीपण नाही. समीला विचारलं तर तोंड पांढरं. "मी कशाला सांगू?" मग दौंडला कळलं कसं? थोरातच्या दुकानात कुणीतरी ओळखीचं असणार. असेलही. होल्ड.

शुक्रवार, १० ऑक्टोबर

दुपारनंतरची रजा टाकली. घरी कुणाला बोललो नाही. रांजणगावहून घराच्या उलट्या दिशेच्या एस.टी.त बसून सणसवाडीला गेलो. चाळीसारख्या खोल्यांच्या मागं पत्र्याचं वर्कशॉप, दोन लेथ, एक मिलिंग. मॅडम आहेत. खऱ्या आहेत. पन्नाशीच्या, हाताला ऑइल, बोलायला फटकळ.

म्हणाल्या, "तुम्ही समीनाचे वडील? ती चुका पकडते हो. मी पाठवलेल्या ड्रॉइंगमधली चूक तिनं मलाच दाखवली. कुणाकडून उचललंय?" छाती फुगली असेल, तर तेवढी चालते.

मग म्हणाल्या, "लग्नानंतर दौंडहून दोन-तीन महिने माझं काम करत होती. मग अचानक बंद. लॅपटॉप बिघडला म्हणाली. दुरुस्तीला पैसे देते म्हटलं तरी नको म्हणाली."

आता अल्ताफ मागच्या ईदला माझ्यासमोर काय म्हणाला होता? "मामू, तिचं मन लागंना, तिनंच काम सोडलं. लॅपटॉप आता मीच वापरतो दुकानात." दौंडला स्टेशनजवळ मोबाईल दुरुस्तीचं दुकान आहे त्याचं.

एकच लॅपटॉप. एक म्हणतो चालू, एक म्हणते बंद. एकाच नगाची दोन गेजवर दोन मापं आली तर एक गेज खोटं असतं. कुठलं?

माझी पोर खोटं बोलत नाही. पण प्रत्येक बाप हेच म्हणतो.

रविवार, १२ ऑक्टोबर

अल्ताफ आला, चौफुल्यावरून मोटारसायकलवर. येताना जुबेदासाठी पेढे. वागायला पोरगं एक नंबर, मान वर करून बोलत नाही. "मामू, तुम्ही कशाला त्रास घेता, हा घ्या." नवाकोरा लॅपटॉप. "सगळी सेटिंग करून आणलीय. तिला काही टाकावं लागणार नाही. फक्त उघडायचा."

समीनं सलाम केला, पाणी दिलं, आत गेली ती बाहेर आली नाही. लॅपटॉपकडं बघितलंसुद्धा नाही. मला राग आला. घरी आलेल्या माणसाचा अपमान आपल्यात चालत नाही. तो गेल्यावर बोललो तिला. म्हणाली, "अब्बा, तो वापरणार नाही मी." एवढंच.

जाताना अल्ताफ म्हणाला, "पुढच्या रविवारी अम्मीला घेऊन येतो, समीला न्यायला." जुबेदानं हो पण म्हटलं नाही आणि नाही पण म्हटलं नाही.

संध्याकाळी लॅपटॉप तपासायला घेतला. खोक्यावरचा नंबर, मशीनचा नंबर, बिलावरचा नंबर: तिन्ही एक. बिजागरी ओके. बटणं ओके. चार्जर ओके. खरचटलेलं नाही. एकतीसपैकी एकतीस. माझ्या हाताखालून असा माल क्वचित जातो.

माल ओके आहे, तर मग पोर नाकारते का? दोष समीतच आहे असं वाटायला लागलं. तेही लिहून ठेवतो, लाज वाटली तरी.

पिवळा टॅग लावून कपाटावर ठेवला.

मंगळवार, १४ ऑक्टोबर

मन ऐकेना. लॅपटॉप पिशवीत घालून थोरातकडं नेला. म्हणालो, किंमत सांग फक्त, महाग पडला का बघायचंय. त्यानं नेट जोडलं, अर्धा तास खटपट केली. मग पोराला चहाला पिटाळलं आणि खुर्ची माझ्याजवळ ओढली.

"चाचा, राग मानू नका. ह्यात एक प्रोग्राम लपवून टाकलाय. हितं जे टाइप होईल, जे बघितलं जाईल, ते सगळं दुसऱ्याच्या मोबाईलवर जातं. क्यामेरा बी तिकडून चालू करता येतो."

कुणाच्या मोबाईलवर? "त्ये मला कसं कळंल? ज्यानं टाकलाय त्याच्या."

मी म्हणालो, तू हे मला सांगतोस ते तुझा कॉम्प्युटर खपावा म्हणून. थोरात चिडला. "चाचा, मला बी दोन पोरी हायेत. घ्या, न्हाईतर घेऊ नका. पर त्यो तुमच्या पोरीच्या हातात दिऊ नका."

घरी येताना हिशेब मांडला. थोरातवर विश्वास ठेवला तर अल्ताफ खोटा. अल्ताफवर ठेवला तर थोरात खोटा. दोघांपैकी कुणाचंही ऐकून टॅग लावायचा नाही. चाचणी घ्यायची.

बुधवार, १५ ऑक्टोबर

चाचणी घेतली.

सुटून आलो, चहा घेतला, लॅपटॉप खाली काढला. समी आणि जुबेदा मागच्या दारी लसूण सोलत होत्या. माझ्या मोबाईलचं नेट जोडलं. लिहायचं पान उघडलं आणि एका बोटानं टाइप केलं: गुरुवारी सकाळी दहाला चाकणला इंटरव्ह्यू आहे, घरी सांगायचं नाही. पान तसंच उघडं ठेवलं. घड्याळ बघितलं, सहा वाजून दहा.

चाकण का? तर चाकणशी आमचा काही संबंध नाही. तिकडं नातेवाईक नाही, ओळख नाही. तो शब्द मी घरात किंवा बसमध्ये कुठंही उच्चारलेला नाही. खूण करायची तर अशी करायची, जी दुसरीकडून येऊच शकत नाही.

सहा वाजून बावन्न मिनिटांनी आपाचा फोन.

"रज्जाक, तुझं ध्यान कुठं असतं रं? समी उद्या चाकणला कशाला चाललीय?"

मी काय म्हणालो आठवत नाही. काहीतरी म्हणालो. फोन ठेवला आणि लॅपटॉपचं नेट तोडलं.

समीला हाक मारली. लॅपटॉपवरचं वाक्य दाखवलं, आपाचा फोन सांगितला. तिला आश्चर्य वाटलं नाही. हेच जास्त लागलं. पदराला लसणाचा वास तसाच, खाली बसली आणि बोलली. जेवढं आठवतं तेवढं:

"पहिल्या लॅपटॉपवर काम करताना ते शेजारी बसायचे. हा कोण, तो कोण. ड्रॉइंगखाली इंजिनिअरचं नाव असतं ना अब्बा, त्या नावावरून भांडण. मग पासवर्ड मागितला. मग लॅपटॉपच कपाटात, कुलूप लावून. मग माझ्या फोनमध्ये पण टाकलं काहीतरी. मी इथं काय बोलते ते तिकडं कळतं. म्हणून मॅडमशी मी अम्मीच्या फोनवरून बोलायचे."

म्हणजे कॉम्प्युटरचं दौंडला कळलं ते असं. आणि मी थोरातच्या गिऱ्हाइकांवर संशय घेत बसलो होतो.

विचारलं, मारतो का?

"नाही. मारलं असतं तर तुम्हाला दाखवता आलं असतं."

मग मला का नाही सांगितलंस? जुबेदाला सांगितलंस, मला नाही.

"तुम्ही चेकशीट काढली असती, अब्बा. पुरावा काय, साक्षीदार कोण. आणि फुप्पी तुमची बहीण."

मोठाच का पाहिजे ते पण सांगितलं. "लॅपटॉप घेतला असता तर तुम्हीच पहिल्या दिवशी म्हणाला असता, घे आणि जा. तुम्ही म्हणालातच."

म्हणालो होतो. सहा तारखेचं पान आत्ता उलटून बघितलं. माझ्याच अक्षरात आहे.

मी म्हणालो, मी पण संशयीच आहे की बेटा. म्हणाली, "तुम्ही मालावर संशय घेता. ते माझ्यावर घेतात." मग उठली, भाजी लागली म्हणून. मी बसून राहिलो. मागच्या गुरुवारी तिच्या हातातला फोन मागणार होतो तो मीच ना? सणसवाडीला चोरून गेलो तो मीच ना? तिला ते अजून माहीत नाही.

गुरुवार, १६ ऑक्टोबर

कामात लक्ष नव्हतं. मोहिते म्हणाला, चाचा बरं नाही का. बरं नाही म्हणालो.

घरी येऊन जुन्या डायऱ्यांचं गाठोडं काढलं. लग्नाच्या आधीची सापडली. पान जसंच्या तसं उतरवतो:

"आपाकडून अल्ताफसाठी विचारणा. घरचंच आहे. बघायचं काय. जुबेदा म्हणते पोरीला विचारू. विचारायचं काय. ओके."

त्याच पानावर खाली: "बोल्टच्या तीन गोण्या परत पाठवल्या. एका बोल्टचे आटे खराब. व्हेंडर रडला. ऐकलं नाही."

एका बोल्टसाठी तीन गोण्या. आणि पोरीच्या बाबतीत ट्रकमधून सरळ लाइनवर. कारण काय, तर आपा. आई आजारी असायची तेव्हा आपानं मला कडेवर घेऊन वाढवलं. तिच्या घरातून वाईट काही येईल असं मनात आलं नाही. दौंडला जाऊन शेजारी विचारलं नाही. दुकानात जाऊन बसलो नाही. पोरगं रिकाम्या वेळात काय करतं, कुणाशी कसं बोलतं, काही नाही. सेल्फ सर्टिफाइड.

तीन वेळा लेखी दिलंय म्हणे. कुणाला शहाणपण शिकवत होतास रज्जाक?

जुबेदाला पान वाचून दाखवलं. तिला वाटलं मी रडेन, म्हणून ती आधीच रडली. मग म्हणाली, "आता पान वाचत बसू नका. एक तारीख जवळ आली. कॉम्प्युटर आणा."

शनिवार, १८ ऑक्टोबर

कंपनीत अर्धाच दिवस होता, दिवाळीमुळं. थोरातच्या दुकानात धनत्रयोदशीची गर्दी, काउंटरला झेंडूची माळ. मला बघून त्यानं कपाळाला हात लावला. म्हणालो, थोरात, आज मी बघणार नाही. ही बघणार.

चेकशीट समीच्या हातात दिली. तिनं वाचली, हसली, आणि एकतीसपैकी बावीस मुद्दे खोडले. "हे कामाचे नाहीत, अब्बा." मग थोरातला पार्ट सांगायला लागली, एकेक, नावानिशी. हा प्रोसेसर, एवढी मेमरी, ग्राफिक कार्ड हेच, ते नको. थोरात शेवटी म्हणाला, "चाचा, ही तुमच्यापेक्षा अवघड हाय." मी मागं हात बांधून उभा. टेपवर टेप असलेला एक खोका दिसला. जीभ चावली, गप्प बसलो. समीनं तो खोका स्वतःच बाजूला सारला. "हा नको, हा उघडलेला आहे."

थोरातनं तिचा फोन पण साफ करून दिला. पैसे घेतले नाहीत. मला आधी शंका आली, का घेत नाही. मग तीपण सोडून दिली.

टेबल माझ्या हातचं आहे. भिंतीला चार अँगल ठोकून, वर फळी. सीपीयूच्या डब्याला पण पट्टी मारून भिंतीला बोल्ट केला. आटे तपासून. जुबेदा म्हणाली, "एवढं कशाला? उद्या हलवायचा झाला तर?" म्हणालो, हलवायचा नाही.

रविवार, १९ ऑक्टोबर

आले. आपा आणि अल्ताफ, भाड्याच्या गाडीनं. समीची बॅग न्यायला डिकी मोकळी ठेवून.

आपानं आधी टेबल बघितलं. "आता हे कशाला? पोराचा लॅपटॉप व्हता की. आन् हे न्यायचं कसं?"

म्हणालो, आपा, हे न्यायचं नाही.

तिला कळलं नाही. अल्ताफला कळलं. मी लॅपटॉप खोक्यासकट त्याच्या हातात दिला. पिवळा टॅग काढून लाल लावला होता. लाल टॅगवर कारणाची एक ओळ असते, ती कोरी सोडता येत नाही. तिथं एकच शब्द लिहिला होता, चाकण.

त्यानं वाचला. मान खाली होतीच, अजून खाली गेली. मग वर आली, आणि आवाज बदलला. इतक्या वर्षांत हा आवाज मी ऐकला नव्हता. "काळजी वाटते म्हणून केलं मामू. जमाना कसला हाय. बायकोचं नवऱ्याला कळायला नको?" समी आतल्या दारात उभी होती. तो आवाज चढला तशी तिची बोटं दाराच्या चौकटीवर पांढरी पडली. तेवढं मी बघितलं, आणि माझी तपासणी झाली.

म्हणालो, अल्ताफ, गाडीत जाऊन बस.

तो गेला. आपा राहिली. चहा घेतला नाही. चाकण म्हणजे काय, विचारत राहिली. मी सांगितलं. तिनं निम्मं ऐकलं, निम्मं ऐकायचं नव्हतं. "पोरगं जरा वहमी हाय, संशय घेतंय, मान्य. तू न्हाईस वहमी? जुबेदा नांदलीच ना तुझ्याजवळ?"

जुबेदाकडं बघितलं. ती म्हणाली, "आपा, ह्यांनी माझ्या डाळीतलं खडं मोजलं. माझं फोन कधी मोजलं न्हाईत."

आपा उठली. दारात थांबून म्हणाली, "मी तुला कडंवर घेतलंय, रज्जाक." मला माहीत आहे. म्हणूनच तर.

गाडी वळेपर्यंत उभा होतो. आपानं काच खाली केली नाही.

मंगळवार, २१ ऑक्टोबर

आपाचा फोन नाही. तिच्या दिराचा आला. शुक्रवारी नमाजनंतर चौघं येतायत बसायला, दोन दौंडचे, एक वरवंडचे मामा, एक कुणी वकील. तोडायचं का जोडायचं ते बसून ठरवू म्हणाले. या म्हणालो. चौघांसमोर काय बोलायचं ते कागदावर काढायला बसलो, आणि कागद समीला दिला. तूच लिही. तिनं घेतला, घडी करून ठेवला. काय लिहिणार, सांगितलं नाही. मी विचारलं नाही.

तिला सणसवाडीला गेल्याचं पण सांगून टाकलं. म्हणाली, "माहीत आहे. मॅडमनी त्याच दिवशी सांगितलं." अकरा दिवस पोटात ठेवून होती.

आज मॅडमनी पहिलं ड्रॉइंग पाठवलंय, चाचणीचं. समी मशीनपुढं बसली. स्क्रीनवर आलं, पासवर्ड ठरवा. तिनं बोटं ठेवली आणि थांबली. वळून बघितलं नाही, नुसती थांबली. मी मागंच उभा होतो, चष्म्यासकट.

मी तोंड भिंतीकडं फिरवलं. तिथं बोल्ट आहेत माझे, ते बघत उभा राहिलो.

मागं टकटक सुरू झाली. किती अक्षरं ते सवयीनं मोजायला लागलो. एक, दोन, तीन, चार. पाचव्याला सोडून दिलं. टकटक बराच वेळ चालू होती.